आडवी रेघ

रात्रीचे दोन वाजून दहा. होटगी रोडवरचं तळघर.
आत अठरा अंश, वर रस्त्यावर एकतीस.
सोलापुरात, मे महिन्यात, मी स्वेटर घालून बसलेय.

उद्या अकराला संचालकांपुढे तक्ता ठेवायचाय:
पतसंस्थेची एक्केचाळीस हजार खाती
कुठल्या सर्व्हरवर न्यायची.
अ, ब, की क.

अ म्हणजे आत्ता आहे तेच.
पैसे फेडून झाले, म्हणून कोंगारी साहेब त्याला फुकट म्हणतात.
हे फुकट महिन्याला तीन पॅच मागतं,
पॅच म्हणजे ठिगळच,
दर ठिगळाला एक रिस्टार्ट,
दर रिस्टार्टला एक मी.

सहा यंत्रं आहेत. काम अकरा टक्के, वीज पोटभर.
आणि ती खातात तेवढीच पुन्हा एसी खातो,
त्यांनी खाल्लेलं थंड करायला.
नाना म्हणाले, सहा माग लावून एकाचं कापड?
आमच्या शेठनं हाकललं असतं बे तुला.

ब चांगला आहे. एकच यंत्र सहांचं काम ओढतं.
पण परवाना कोरमागे. बत्तीस कोर, बत्तीस परवाने.
हे नानांना सांगितलं तेव्हा हातातला घास तसाच राहिला.
म्हणजे मागावर नाही, कापडावर नाही,
धोट्यावर कर?
मग बराच वेळ एकटेच हसत होते,
शेंगाचटणीचा ठसका लागेपर्यंत.

क ला परवाना नाही. चालू यंत्रातच ठिगळ बसतं म्हणतात.
फक्त ते बसवणारा माणूस पुण्याचा,
तासावर पैसे घेतो,
आणि त्याची हुतात्मा चुकली की आपली रात्र चुकते.
(हे मी शिकून घेईन, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय.)

किंमत. वीज. देखभाल. पाच वर्षांची बेरीज.
सगळे रकाने भरले.
दोन एकोणीसला अ बंद झाला, ठरल्याप्रमाणे.
पंखे निजले. मला माझाच श्वास ऐकू आला.
दोन एकोणचाळीस, हिरवे दिवे. एक, दोन, चार... सहा.
एक्केचाळीसला पहिला व्यवहार:
स्टेशनसमोरचं एटीएम, पाचशे रुपये.

सवयीनं लॉग मागे सरकवला.
दोन वीस, तेच कार्ड, विनंती नाकारली.
दोन चोवीस, तेच कार्ड.
एकतीस. छत्तीस.

एकवीस मिनिटं कुणीतरी तिथं उभं होतं.
दवाखाना असेल, रिक्षा असेल, गाडी सुटत असेल.
मला नाव दिसतं, पण मी उघडलं नाही.

नाना एकतीस वर्षं जॉबर होते अक्कलकोट रोडला.
माग थांबून परत चालू झाला ना,
की चादरीत एक आडवी रेघ उमटते, ते सांगायचे.
दुकानात दिसत नाही. शेठला दिसत नाही.
पांघरणाऱ्याला दिसते, कधीतरी उन्हात वाळत घालताना.

तक्त्यात एक रकाना वाढवला.
मथळा सुचेना.
तिघांच्या खाली मिनिटं लिहिली.
अ च्या खाली: महिन्याला साठ.

कोंगारी साहेब विचारतील, याचे रुपये किती?