भाषा : इतर

सोहारच्या त्या खोलीला खिडकी नाही.
बाहेर पाऊस आहे हे आम्हाला आकड्यांतून कळतं.
भिंतभर पडदे, त्यांवर डोंगरातून उतरलेल्या कोरड्या नद्या,
प्रत्येकीच्या अंगात एक सेन्सर,
दर पाच मिनिटांनी सांगतो, किती मीटर.
ते सांगत राहिले पाहिजेत, एवढंच माझं काम.
फोन घेणं माझं काम नाही.

पावणेतीनला रय्याने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.
मघापर्यंत हिंदी बोलत होता, म्हणाली,
आता काय बोलतोय देव जाणे.
तिच्यासमोर भाषांची यादी उघडी होती,
अरबी, बलुची, उर्दू, मल्याळम, बांगला, स्वाहिली,
आणि तिचं बोट सगळ्यात खाली : इतर.

मी कानाला लावला तेव्हा इतर म्हणत होता,
"अरे कोणी हाय का रे तिकडं?"

हाय, म्हटलं.
मग दोघेही गप्प. मधे नुसता पाण्याचा आवाज.
"घाटावरचा दिसतोस," तो म्हणाला.

रावजी खापरे, तालुका संगमेश्वर.
पिण्याच्या पाण्याचा टँकर, पाच हजार गॅलन,
मजुरांच्या कॅम्पला पोचवायचा होता.
"वाडीत अडकलोय."
आपल्याकडे वाडी म्हणजे पंधरा घरं, एक विहीर,
हाक मारली तर कोणीतरी कडी काढणारच.
इथली वादी म्हणजे धोंडे.
वर्षभर तिचा रस्ता करायचा
आणि एका रात्री तिला आठवतं, आपण कोण होतो.

त्याच्या वरच्या अंगाला सतरा नंबरचा सेन्सर.
एक पॉइंट नऊ.
दोन पॉइंट दोन.
मी आकडा सांगितला नाही.
टाकीवर चढा म्हटलं. चपला काढा. मोबाइल कोरडा ठेवा.
"डब्यात ठेवतो," म्हणाला, मग थांबला,
"मंग बोलू कसा?"

शेजारी खल्फान उभा, जागा विचार, जागा.
खांब दिसतो का? पूल? दिवा?
"उजव्या हाताला बाभळीसारखं एक झाड हाय."
थोड्या वेळाने : "होतं."

मग त्याने विचारलं,
"व्हॉल्व्ह खोलू का? पाणी सोडलं की गाडी हलकी होईल."
नको!
मी इतक्या जोरात ओरडलो की सगळी खोली वळून बघायला लागली.
रावजी, तेच वजन धरून ठेवतंय तुम्हाला.
"बरं झालं," तो म्हणाला,
"नायतर पगारातून कापलं असतं."

तीन बेचाळीसला फोन गेला.
सतरा नंबर दोन पॉइंट सहावर थांबला.
दर पाच मिनिटांनी तेच, दोन पॉइंट सहा, दोन पॉइंट सहा.
वाहून गेलेल्याचा शेवटचा शब्द
आमची यंत्रणा अशी घोकत राहते.

हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय उडत नाही.
रय्याने वेलचीचा चहा आणला, त्यावर साय धरली.

साडेसहाची नोंद : पुरुष, एक.
कमरेच्या पट्ट्याने टाकीच्या झाकणाला स्वतःला बांधून घेतलेला.
डावा पाय मोडलेला. शुद्धीवर.
खल्फान अल्हम्दुलिल्लाह म्हणाला
आणि त्याच श्वासात पुढची नोंद उघडली,
शिनासला एक गाडी, आत पाच माणसं.
आमच्या ओळीपुढे लिहून आलं, प्रकरण बंद.
भाषेच्या रकान्यात जे होतं तेच राहिलं.

चौथ्या दिवशी मी नवा सेन्सर बसवायला गेलो.
वादी पुन्हा रस्ता झाली होती,
पिकअप धुरळा उडवत चालले होते.
टँकर तिथेच, एका अंगावर कललेला,
चाकांत वेली, कोणाची तरी प्लास्टिकची खुर्ची.
उचलायला कोणी फिरकलं नव्हतं.

व्हॉल्व्ह एका हाताला हलेना. दोन्ही हात लावले.
आलं.
नितळ, गार, गोट्यांमधून वाट काढत.
कुठून तरी दोन शेळ्या आल्या, मग अकरा.
मीही ओंजळ धरली.

पगारातून किती कापलं,
ते काही कळलं नाही.