पोटखराबा

साळवणच्या वर, धनगरवाड्याच्या अलीकडं,
गट नंबर एकशे सदतीस.
आकाराम एजंटानं मार्गशीर्षात नेलं.
गवत कमरेएवढं, दरीत धुकं साईसारखं धरलेलं.
"निस्ता व्ह्यू खाऊन माणूस जगंल, साहेब."

मी व्ह्यू खाणारा नव्हे.
गंगावेशीत तीस वर्षं कट्ट्यावर म्हैस उभी करून
गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढलीय.
आता अकरा म्हशींना शहरात
एका मोटारीएवढी जागा कुणी देत नाही,
म्हणून डोंगर.

वैशाखात परत गेलो, एकटा.
मामा सोयरीक जमवताना म्हणायचे,
घर बघावं ते त्याच्या वाईट महिन्यात.
दाखवलेली विहीर नुसता खड्डा निघाली,
तळाशी एक चप्पल, डाव्या पायाची.
माती वीतभर. खाली जांभा.
पहार मारली तर ठण् म्हणून
त्यानं सरळ उत्तर दिलं.
एजंटापेक्षा बरा.

आषाढात गेलो तर जमीनच दिसेना.
तीन तास पांढऱ्यात उभा,
पायाखाली आहे, एवढंच कळत होतं.
घोंगड्याची खोळ घेतलेला एक माणूस
त्या पांढऱ्यातनं बाहेर आला: धाकलू येडगे.
विचारलं, इथं गवे येतात का?
"येत न्हाईत. ऱ्हात्यात.
येताय त्ये तुमी."

वाट सातबाऱ्यावर नव्हती,
सगुणाबाईच्या नाचणीच्या बांधावरनं होती.
म्हटलं, काही लिहिलेलं?
"कागदावरनं म्हस चालतीया व्हय?"
तरी मी लिहून घेतलं.
तिनं अंगठा दिला, चहा दिला,
आणि पुढच्या खेपेला ओळख दिली नाही.

रात्री उतारा घेऊन बसलो.
भोगवटादार वर्ग एक: तीनदा वाचलं.
इतर हक्कात सोसायटीचा बोजा,
फेडलेला, पण कुणी कमी न केलेला.
आणि खाली, बारीक:
पोटखराबा, दोन एकर चार गुंठे.
आकाराम म्हणाला, "दगूड हाय नुसता,
त्याचं पैसं धरूच नगा."

धाकलू म्हणालेला, एक म्हस आणा, सोडा, बघा.
पुढच्या चैत्रात टेम्पोतनं चंद्रीला नेली.
उतरली, कान हलवले,
एवढं गवत पडलेलं, तोंड लावलं नाही,
सरळ त्या दगडांत शिरली.
मी हाका मारत मागं.
कातळाच्या बेचक्यात, नेच्यांच्या आड,
मानेपर्यंत पाण्यात बसली होती बाई,
डोळे मिटून.
मनगटाएवढा झरा. चैत्रात.

आकारामला मी काही बोललो नाही.
उलट, दगडांच्याच नावानं
पंचवीस हजार आणखी तोडले.

नोंदणीला मालक पहिल्यांदा भेटले.
इचलकरंजीचे, मागाच्या आवाजानं कान गेलेले,
एक्केचाळीस वर्षांत वर न गेलेले.
शाई लागलेला अंगठा तसाच हवेत धरून
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं,
"खडकातला झरा हाय नव्हं अजून?"

कारकुनाचा हात थांबला.
आकाराम माझ्याकडं बघायला लागला.
मी मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले.
"मला वाटलं, तुमाला सांगायचंच ऱ्हाऊन गेलं."
आणि अंगठा टेकवला.

उताऱ्यावर आता माझं नाव आहे.
बोजा कमी झाला, वाटेची नोंद झाली,
सगुणाबाई पुन्हा बोलते, थोडंथोडं.
ते दोन एकर चार गुंठे अजून पोटखराबाच आहेत,
दुपारभर अकरा म्हशी त्यात बसतात.
पंचवीस हजार कुठल्या रकान्यात लिहायचे,
हे तेवढं तलाठ्याला विचारता येत नाही.