चार पावलं

टेबल एकच, माणूस एकच,
डॉक्टर दोन बाजूंना:
एक कमरेशी, एक डोक्याशी.
मध्ये मी. हातात वाटी.

साल अठ्ठ्याऐंशी. मिरज.
माणूस म्हणजे गैबीसाब सतारमेकर.
चाळीस वर्षं तंबोऱ्याची जवारी काढलेला हात,
घोडीवरून कानस अशी फिरवायचा
की सांबरशिंगाचं पीठ फुंकर मारल्याशिवाय दिसायचं नाही.
आता त्या हातात कपबशी वाजायची.
वॉर्डात पोरी म्हणायच्या, चाचांचा चहा आला.
जैबुनबी बशी धरायची, कप ते धरायचे.

डॉक्टरांनी मला समजावलेलं,
मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी असते, सिद्राम,
कुत्रं मागं लागलं की काळीज उडतं ना, ते हिचं काम.
मेंदूत जे आटलंय ते हिच्या गाभ्यात थोडं बनतं.
जागा बदलली तर
तिथंही बनवेल. कदाचित.
हा 'कदाचित' त्यांनी हळू म्हटला.

आदल्या रात्री मी चाचांचं डोकं भादरत होतो.
ते म्हणाले,
भीतीनं माणूस थरथरतो, बरोबर?
मग थरथर थांबवायला
भीतीचीच पिशवी डोक्यात घालायची?
मी म्हटलं, कलम आहे म्हणतात, चाचा.
कलम आंब्याचं असतं, म्हणाले,
आणि तुळतुळीत डोक्यावर टिचकी मारली.
भोपळ्याला कोण कलम करतं रे?
टिचकीचा आवाज ऐकत थोडा वेळ गप्प बसले.
सवयीनं.

वाटीत मीठपाणी,
पाण्यात चिंचोक्याएवढा तुकडा, पिवळट,
एका कडेला रक्ताचा दोरा.
कमरेपासून डोक्यापर्यंत
फरशीवर चार पावलं.
पाणी हललं नाही.
त्याआधी नाही, त्यानंतर नाही,
माझा हात तेवढा स्थिर कधीच नव्हता.

नवव्या आठवड्यात त्यांच्या दुकानात गेलो.
तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात.
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि एका जागी तार उघडते.
त्यांनी तो सरकवला. स्वतः. माझ्यासमोर.
खर्ज असा सुटला
की खुंटीवरची बाकीची वाद्यं
कुणी न छेडता बोलायला लागली.
मी सायकल तिथंच विसरून चालत घरी आलो.

संक्रांतीला कप पुन्हा वाजला.
डॉक्टरांनी फाईल मिटली,
पुढचे दोन पेशंट गोळ्या लिहून घरी पाठवले.
कारण विचारलं नाही मी. काय विचारणार?

चाचांनी मात्र विचारलं,
तो तुकडा अजून आहे का रे आत?
म्हटलं, असेल.
मग घाबरला असेल बिचारा, नव्या घरात.
चेहरा लाकडासारखा, एक सुरकुती हलली नाही.
हसले ते फक्त डोळ्यांनी.
जैबुनबीनं बशी पुढं केली.