नखी

धोबी तलावाच्या मागच्या गल्लीत
बावतीस अंकलच्या दुकानात काचेखाली नख्या असतात,
शिंपल्यांसारख्या, पण किंमत लावलेल्या.
'पिक दाखवा' म्हटलं
तर काय वाजवतेस ते विचारत नाहीत.
विचारतात, 'कुठं वाजवणार?'

मी खरं ते सांगितलं.
प्रतीक्षानगर, ट्रान्झिट कॅम्प, तिसरा मजला.
रात्री साडेदहानंतर, ड्यूटी संपवून, जेवून.
भिंत इतकी पातळ की
पलीकडे मुरकर झोपेच्या गोळीचं पाकीट फोडतात
तेही मला इकडे मोजता येतं :
आज एकच घेतली.

अंकल चष्मा कपाळावर सरकवतात.
पहिली काढतात ती पिवळी, वाकणारी.
'ही छेडायची नाही, पाखडायची.
सुपात तांदूळ घोळवतात तशी, सहाही तारांवरून.'
मी पाखडते. सूर येतो,
पण सोबत फडफडही येते,
पंख्याखाली कॅलेंडर हलावं तशी.

दुसरी करडी, पाऊण मिलिमीटर.
बोटांना धरून राहते.
'हिला सगळी कामं जमतात.
लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा
दर खिशात एक असायची,
आणि स्टेजवर चढलं की एकाही खिशात नसायची.'

तिसरी काळी, जाड, लहानशी, टोकदार.
एकेक सूर सुटा करून देते,
शेंगेतून मटार उडावा तसा, टप्पकन.
हिच्यासमोर हाताला खोटं बोलता येत नाही.
माझा हात बोलतो.
म्हणून परत ठेवली.

मग करवंटीची.
नायगावच्या घरी, ओट्यावर बसून
त्यांनी स्वतः घासलेली.
तिचा आवाज तपकिरी आहे.
हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही,
पण आहे तपकिरी.

'तुला पाहिजे ती माझ्याकडे नाय,' अंकल म्हणाले,
'तुला न वाजणारी पाहिजे.'
तरी तीन घेतल्या.
सुट्टे दहा नव्हते त्यांच्याकडे,
म्हणून काळीही आली घरी, आपोआप.

परळच्या इस्पितळात मी एक्स-रे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
दिवसातून ऐंशी माणसांना.
आता हाडं थेट पडद्यावर उमटतात,
फिल्म कुणी मागत नाही.
पण माझी एक आहे, गादीखाली,
जिन्यावरून पडले तेव्हाची :
उजवं मनगट, त्यात केसाएवढी भेग.

कात्री घेतली.
भेगेच्या जरा वरून तिकोनी तुकडा कापला,
कडा नखं घासायच्या कानशीनं गोल केल्या.
दिव्यासमोर धरला तर अजून दिसत होतं,
धुरकट, पांढरं, माझं.

त्या रात्री मनगटानं
आपल्याच सावलीनं तारा हलवल्या.
तारेला लागायच्या आधीच ती वाकत होती.
चहावर फुंकर घालावी,
साय थोडी सरकावी, एवढाच आवाज.
मला ऐकू येत होता,
कारण लाकूड माझ्या बरगडीला टेकलं होतं.
भिंतीपर्यंत तो पोचत नसणार.
मी खूश. चार रात्री.

पाचव्या सकाळी मुरकर जिन्यात दूध घेऊन उभे.
'गिटार विकलीत काय?'
'नाही हो.'
'मग?'
पुढं काही बोलले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
दोन पायऱ्या चढल्यावर, पाठमोरेच,
'मला दोन दोन घ्याव्या लागतायत.'

रात्री डबी उघडली.
पिवळी नको, ती बडबडी.
करवंटीची रविवारसाठी.
काळीला हात लावला, सोडला.
करडी घेतली
आणि टोकानं नाही, खांद्यानं वाजवली, तिरकी धरून,
म्हणजे सूर गोल होतो,
आणि भिंतीतून जाताना अडखळत नाही.

पलीकडे पाकीट फुटलं.
एक.
मी तळवा तारांवर ठेवून
दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसले.