चौतीस सेंटीमीटर, दोन मिलिमीटर

उत्पलाचं तिकीट निघालं त्या रात्री
तिच्या पप्पांनी कपाटावरचा पृथ्वीगोल उतरवला.
तिच्या सातवीतला,
आफ्रिकेवर शाईचा डाग तसाच.
माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला.
एक टोक दोहावर, चिकटपट्टीनं,
दुसरं ओढत ओढत ऑकलंडपर्यंत.
सैल नको, म्हणाले, ताणून धर.
मी न्यूझीलंडवर बोट दाबून बसले.

एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले या माणसानं.
केसाएवढा फरक चालायचा नाही.
स्वतः विमानात बसले नाहीत कधी.
दोऱ्याला फूटपट्टी लावली, चष्मा वर-खाली केला.
चौतीस सेंटीमीटर, दोन मिलिमीटर.
गुणाकार लाइटबिलाच्या पाठीवर:
साडेचौदा हजार किलोमीटर.

मी दोरा हातात घेतला.
बिटकोच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा
नर्सनं मोजली होती आमची पोर,
एकोणपन्नास भरली.
म्हणजे दोरा तिच्यापेक्षा तोकडा.
हे मी बोलले नाही.

“जाताना सोळा तास, येताना साडेसतरा.”
अंतर तेच ना?
“तेच.”
मग?
“वर वारा पश्चिमेचा. जाताना पाठीवर, येताना तोंडावर.”
माहेरची वाट तर आखूड लागते म्हणतात.
“ते बैलांचं. विमानाला घरची ओढ नसते.”

नीट पाहिलं तर दोरा मंगळूरजवळून जात होता.
म्हणजे मुंबईहून आधी उलटं दोहाला न्यायचं,
तिथं पाच तास बसवायचं,
आणि परत आपल्याच अंगणावरून पलीकडे?
“स्वस्त पडतं,” म्हणाले.

साडेचौदा हजारांचा वेळ मिनिटावर ठरलेला.
नाशिक ते मुंबईचा मात्र
ड्रायव्हर गांगुर्डेही सांगेना.
कसाऱ्याला ट्रक आडवा नसला तर चार, म्हणाला,
असला तर मग देवाक काळजी.
ट्रक नव्हता.
मला वाटलं होतं, असेल.

दुसऱ्या दिवशी, आपल्या घड्याळात पहाटे साडेचारला
दोहाहून सुटलं.
मंगळूर आठच्या सुमाराला, हिशोब त्यांचाच.
मी टाकीचा कॉक बघायला गच्चीवर गेले.
ते आधीच तिथं होते.
“डिशची वायर बघतोय.”
दक्षिणेला तोंड, उजव्या हाताला त्रिरश्मीचा डोंगर,
आणि त्यापुढं सातशे किलोमीटर
नुसतं स्वच्छ आभाळ.
एक घार होती, तीही आमच्याकडे पाठ करून.

सव्वाआठला त्यांनी वायर सोडली,
मी कॉक सोडला.
जिन्यात ते म्हणाले, आता लंका.
खाली आल्यावर चहा झाला, दूध उतू गेलं,
मग लंकेनंतर काय ते मी विचारलंच नाही.

दोरा टाकला नाही.
डब्यात आहे, बोटाला गुंडाळून काढलेला.
तेवढ्यात एक बटण लागेल,
फार तर दोन.