दोनशे सत्तावन्नावं पान

कुताइसीच्या सरकारी छापखान्यात
मी शिकाऊ होतो, खिळे रॉकेलनं धुवायचो,
आणि त्सियूरीबाई जुळारी.
उलटी अक्षरं तिला सुलटी दिसत,
सुलट्या जगाकडे मात्र ती
डोळे जरा बारीक करूनच बघायची.

त्या हिवाळ्यात एक कादंबरी आली.
मुद्रितं तपासायच्या आधीच लेखक वारला होता.
सोळा पानांचा एक, असे सोळा फर्मे,
कागद तेवढाच मंजूर,
आणि कादंबरी नेमकी एका ओळीनं उतू गेली.

दोनशे छप्पन्न पानं गच्च.
दोनशे सत्तावन्नाव्यावर, वर डाव्या कोपऱ्यात, एकटीच,
म्हातारी सुनेला सांगते ते:
“दार उघडंच राहू दे, कुत्रा यायचाय अजून.”

व्यवस्थापक एरेकले, तसा भला माणूस.
चष्मा पुसत म्हणाला, उडवा.
आधीच्या ओळीत ती दिवा मालवते ना?
मग झालं की. संपली.
त्सियूरीबाई म्हणाली,
दिवा मालवून कुठलीही कादंबरी संपते.
माझा नवरासुद्धा तसाच संपला.

रात्री आम्ही दोघंच. शेगडीवर चहा,
मक्याची भाकरी, आलुबुखारची आंबट चटणी.
शेवटचं प्रकरण तिनं पालथं घातलं,
कुठं एक ओळ निघते का बघत.
विशेषण काढून भागेना,
परिच्छेद जोडून भागेना.
पहाटे तीनला तिचा चिमटा थांबला
दोनशे एकोणपन्नासाव्या पानावर:

“टपालवाली माक्वाला पुलावर थांबून ओले मोजे बदलत होती.”

अख्ख्या पुस्तकात माक्वाला तेवढीच.
ना आधी कुणाला पत्र देते, ना नंतर.
ओळीच्या या टोकाला येते, त्या टोकाला जाते.
बाई बराच वेळ नुसती बघत राहिली.
मग चिमटा ठेवून बोटांनीच उचलली तिला,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तशी,
आणि खालच्या सगळ्या ओळी
एकेक पायरी वर चढवत नेल्या,
आठ पानं, उजाडेपर्यंत.

कुणाला काही कळलं नाही.

पुढं ती शेवटची ओळ पुस्तकातून निसटून गावात शिरली.
लग्नात प्याला उंचावून लोक ती म्हणायचे,
मयतीला प्याला खाली ठेवून.
एका विद्वानानं लिहिलं, दार म्हणजे देश.
दुसऱ्यानं लिहिलं, कुत्रा म्हणजे देव.
लेखकाच्या थडग्यावर कोरली,
तिथं पाथरवटानं “अजून” गाळलं,
दगडावर जागा पुरली नाही म्हणून.
माझा लेवान पोलंडला ट्रक चालवायला निघाला
तेव्हा बायको उंबऱ्यात उभी राहून तेच बोलली.
आमच्याकडे कुत्रा नाही.
तिनं ते पुस्तक वाचलेलंही नाही.

त्सियूरीबाईला जाऊन अकरा वर्षं झाली.
शेवटी शेवटी विचारायची,
मोजे कोणत्या रंगाचे असतील रे?
हस्तलिखितात दिलं नव्हतं.
मी एकदा निळे म्हणालो, एकदा करडे.
खोटं बोलतोयस, म्हणाली, पण बोल.

काम झालं की खिळे मोडून
आपापल्या खणात परत टाकायचे, हा नियम.
या ओळीचे टाकले नाहीत.
दोऱ्यानं बांधलेली ती माझ्याकडे आहे,
वीतभरही नाही, पण खिसा ओढते खाली.
थंडीत रिओनीवरच्या पुलावर उभा राहिलो
की हात आपोआप तिच्यावर जातो,
आणि वाटतं,
तो कुत्रा परतला असेलच
तर दुसरा रस्ता नव्हता त्याला.
इथूनच गेला असणार,
जरा थबकून,
एका बाईचे ओले मोजे हुंगून.