उतारावर ओळंबा

माझ्या कागदावर चाळीस मीटर होतं.
कॉव्हेंट्रीच्या ऑफिसात अडतीस वर्षं रेघा मारल्या,
माप मला कळतं.
गेथिनने टेप डोंगराच्या अंगालगत सोडली,
गवतातून, सशांच्या बिळांवरून,
आणि खालून ओरडला, त्रेचाळीस.
कागद वरून बघतो. त्याला चढ लागत नाही.

घोडी सुनेत्राने लिलावात घेतली,
उजवा डोळा गेलेली. वय विचारू नका.
मी म्हटलं, बांधणार कुठं?
म्हणाली, बांधायचं ते कुंपण. घोडी नाही.

पहिला खांब मी उताराला काटकोनात धरला.
रुबाबदार दिसत होता.
गेथिनने दोन बोटांनी तो उभा केला.
"डोंगर कललाय. तू कशाला कलतोस?"

स्पिरिट लेव्हल राहिली होती ट्रकमध्ये, पार खाली.
मी बुटाची नाडी काढली, टोकाला नट बांधला,
लोंबता सोडला.
ओळंबा.
कित्येक वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
गेथिनने दोनदा म्हणून पाहिला,
ळ त्याच्या जिभेवरून घसरला.
त्याच्या गावाच्या नावातला ल मला अजून जमत नाही.
फिट्टंफाट.

वाऱ्यात नट गरगरला, मग डुलला,
मग त्याला खालची दिशा आठवली.

सातव्या खड्ड्यात पाटीचा दगड लागला,
शाळेतल्या पाटीचाच, पण डोंगराएवढा.
तासभर पहार. ठिणग्या. हाताला फोड.
शेवटी खांब चार बोटं डावीकडे घेतला,
माझ्या सरळ रेघेला तिथं एक बाक आला.

फळ्या आतून ठोकायच्या, घोडीच्या अंगाने,
म्हणजे ती रेलली तर खिळा आत जातो, उपटत नाही.
पायऱ्या-पायऱ्यांनी लावायच्या नाहीत,
पायरीखाली खूर जाईल एवढी फट राहते.
खांब उभे, फळ्या तिरप्या.
आणि खालच्या अंगाला एक फळी जास्तीची,
कारण चढावर उभं राहिलं की
कुंपण बुटकं दिसतं,
कुणालाही.

उजेड जाता जाता सुनेत्राने दावं सोडलं.
घोडी धावली नाही.
आंधळी बाजू कुंपणाला लावून
मिशांनी फळी न् फळी चाचपत निघाली,
नवं घर घेतल्यावर आपण
अंधारात बटणं शोधतो तशी.
सातव्या खांबाशी थबकली.
तो बाक. मी श्वास धरला.
तिने वळून बूड टेकवलं
आणि डोळा मिटून
खसाखसा खाजवायला लागली.
खांब हलला नाही.

"तुझा बाकच आवडला तिला," सुनेत्रा म्हणाली.

खाली बॉनेटवर कागद ठेवून
गेथिन बिल लिहीत होता, त्रेचाळीसचं.
मी एक बूट फरफटत उतरलो.
नाडी वरच राहिली,
खांबाला, नटासकट,
सरळ.